खंडेनवमीचा गोल

ज्या गोलामुळे मी मुंबईला गेलो आणि पुढे फुटबॉल खेळून पोट भरलं, तो गोल नेमका कोणता, याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. एक मत तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि त्यांच्यामागून सगळ्या घराचं आणि गावाचं. दुसरं एकट्या काकीचं. काकी म्हणजे तात्यांच्या धाकट्या भावाची बायको. ती मोठ्या दिरासमोर कधी बोलत नसे. तेव्हा आमच्याकडे तशी रीतच होती. तात्या ओसरीवर असले की काकी दाराआड उभी राहून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, जे सांगायचं ते भिंतीला सांगायची. "भिंतीला" म्हणजे अगदी भिंतीकडे तोंड करून. "थोरल्यांना म्हणावं, चहा निवला." "थोरल्यांना म्हणावं, टेम्पोवाला दोनदा येऊन गेला." तात्याही उत्तर भिंतीलाच द्यायचे. मला लहानपणी खरंच वाटायचं की आमची भिंत फार महत्त्वाची आहे. पण भिंतीला सांगायच्या गोष्टी कामाच्या असत, गप्पा नव्हेत. त्यामुळे काकीचं मत काकीपाशीच राहिलं आणि मी मात्र भलत्याच गोलाच्या जोरावर घरचा हिरो झालो.

आम्ही नाशिकजवळच्या मखमलाबाद शिवारातले भाजीवाले आणि फुलवाले. तात्या आणि काका मिळून कोबी, फ्लॉवर, मेथी काढायचे आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत झेंडू. घरात पहाटे पहिला आवाज यायचा तो पाण्याच्या मोटारीचा. मग पत्र्यावर भाजीची कॅरेट आपटल्याचा, मग काकांचा टेम्पो सुरू न झाल्याचा. तो टेम्पो पहिल्या किल्लीला कधीच सुरू झाला नाही आणि काकांनी त्याला शिवी दिल्याशिवाय दुसऱ्यालाही नाही. आईच्या तव्यावर भाकरी फुगायच्या, खलबत्त्यात मिरचीचा ठेचा कुटला जायचा, आणि जे बाजारात विकलं गेलं नाही ते आम्ही खायचो. म्हणजे कोबी. कोबीची भाजी, कोबीची कोशिंबीर, कोबीच्या वड्या, आणि एकदा तर आईने कोबीचं भरीत करून पाहिलं, त्याबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही. पुढे मुंबईच्या मेसमध्ये पहिल्या दिवशी ताटात कोबी आला तेव्हा मला एकदम घरची आठवण येऊन भरून आलं. बाकीच्या पोरांना वाटलं, हा जेवण वाईट आहे म्हणून रडतोय.

माझा पहिला चेंडूही कोबीच. पाणी जास्त झालं की गड्डा शेतातच फुटतो. फुटका गड्डा कुणी घेत नाही, तो बांधावर टाकायचा असतो. मी तो हाताने न टाकता पायाने टाकायचो. वाफ्यातून बांधापर्यंत, बांधावरून थेट गुरांच्या गव्हाणीत. फुटक्या कोबीला बोटांनी मारलं तर त्याचा पाला पाला होऊन जातो. पायाच्या वरच्या भागाने, खालून हलकेच उचलून मारला तरच तो सबंध जातो. हे मला कुणी शिकवलं नाही, गव्हाणीतल्या म्हशीने शिकवलं म्हणा. तिला सबंध गड्डा आवडायचा.

खरा चेंडू पाहिला तो शहरातल्या एका फादरांच्या शाळेत. तिथल्या वसतिगृहाला आमची भाजी जायची. काका स्वयंपाकघराशी कॅरेट उतरवत असताना मी मैदानाच्या कडेला उभा राहायचो. एकदा चेंडू माझ्याकडे आला आणि मी तो कोबी समजून परत पाठवला. तो पोरांच्या डोक्यांवरून थेट गोलात गेला. तिथले फर्नांडिस सर, उंच, काळेसावळे, कायम गळ्यात शिट्टी, माझ्याकडे चालत आले आणि म्हणाले, "परत मार." मी परत मारला. "परत." तिसऱ्यांदा मारला तेव्हा काका ओरडायला लागले, की भाजी ऊन खातेय. सरांनी काकांना सांगितलं, "हा पोरगा रोज भाजीबरोबर पाठवा." आणि मी रोज भाजीबरोबर जायला लागलो. मेथीच्या जुड्या, फ्लॉवरचे गड्डे आणि सोमनाथ. सर मला गोलासमोर उभा करायचे. "तू फक्त एवढंच कर," म्हणायचे, "बाकीचे दहा जण मेहनत करतील, तू आळशी माणसासारखा इथं थांब, आणि चेंडू आला की घाई कर." स्ट्रायकरची याहून चांगली व्याख्या मला पुढे कुठल्याच कोचने सांगितली नाही.

तात्यांना फुटबॉल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांना कुस्ती ठाऊक होती. तरुणपणी ते स्वतः लंगोट लावून आसपासच्या जत्रांत लढले होते. मोडलेला कान ते पाहुण्यांना मुद्दाम वळवून दाखवायचे. त्यांच्या लेखी खेळ म्हणजे एकच गोष्ट: दोघं भिडतात, एकाची पाठ मातीला लागते, हलगी वाजते, जिंकलेल्याला खांद्यावर घेतात, संपलं. घरी. त्यामुळे दीड तास पळून कधी कधी कुणीच जिंकत नाही हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना बिनदाण्याचं कणीस विकतोय.

बारावी झाल्यावर त्यांनी विषय काढला. काकांची पाठ धरायला लागली होती. टेम्पो मी चालवायचा, बाजार मी बघायचा, असं घरात ठरल्यासारखंच होतं. आणि त्याच आठवड्यात फर्नांडिस सर आमच्या ओसरीवर येऊन बसले. मुंबईच्या एका कंपनीच्या टीमचे साहेब नाशिकला येणार होते. कंपनीत नोकरी, पगार, राहायची सोय, आणि काम काय तर फुटबॉल खेळायचं. साहेब एकच मॅच बघणार होते, नाशिकरोडच्या मैदानावर. ती होती खंडेनवमीच्या दुपारी. म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी. झेंडूवाल्याच्या घरात हा दिवस मागणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरदेव मागण्यासारखं. वर्षभर आम्ही ज्या दिवसासाठी झेंडू लावायचो तो हाच.

दाराआड काकीच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तीही ऐकत होती. मग तात्या म्हणाले, "या वर्षी आपण नाशिकरोडच्या चौकात बसू फुलं घेऊन. जाता जाता मैदानावर टेम्पो थांबवू." मग माझ्याकडे वळले. "हे बघ सोम्या. एक गोल. माझ्या डोळ्यादेखत. झाला, तर मुंबईला जा, मी नाय म्हणनार नाय. नाय झाला, तर दसऱ्यापासून टेम्पो तुझ्या ताब्यात. मान्य हाय?"

मी मान्य म्हणालो. त्या संध्याकाळी मात्र मी कोबीही खाल्ला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं पुजतात. विळे, खुरपी, कुदळ, फवारणीचा पंप, सगळं धुऊन ओसरीवर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि मग त्या दिवशी त्यातलं काही हलवायचं नाही. अवजाराला एक दिवस सुट्टी. तर सकाळी मी उठून बघतो तो विळ्या-खुरप्यांच्या रांगेत माझे बूट. आईने ते घासून पुसून ठेवले होते, दोन्हींच्या नाकावर कुंकवाची बोटं, खिळ्यांमध्ये झेंडू खोचलेला, समोर उदबत्ती. मायेने तिने मला दिवसभरासाठी अनवाणी केलं होतं.

"आई, मला घालायचेत ते!"

"आता कसं घालशील? पुजलेत ना." आईला नऊ दिवसांचा उपास होता आणि उपासात तिच्याशी वाद घालायची घरात कुणाची छाती नव्हती. "लेकराचं अवजार म्हनून तर पुजलं. आज नाय हलवायचं."

तात्यांनी कपाळावर हात मारला. काका म्हणाले, माझी चप्पल घालून खेळ. मी जवळजवळ रडायला आलो होतो. तेवढ्यात दाराआडून भिंतीला आवाज आला, "थोरल्यांना म्हणावं, बूट पायात घालून मानूस पळतो. मंग ते अवजार कसं? ते तर वाहन झालं. वाहनाची पूजा उद्या, दसऱ्याला."

मग तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईने बुटांची क्षमा मागितली, उद्या पुन्हा पूजा करीन म्हणून कबूल केलं, आणि मी कुंकू लागलेले बूट छातीशी धरून सरांच्या गाडीत जाऊन बसलो.

मैदानाच्या एका कडेला छोटा मांडव होता आणि त्यात मुंबईचे साहेब बसले होते. पांढरी टोपी, काळा गॉगल, हातात उसाच्या रसाचा ग्लास. आम्ही सरांची पोरं, आणि समोरची टीम नाशिकरोडचीच होती, सगळे दाढीमिशावाले. मॅच सुरू होऊन पाच-सात मिनिटं झाली असतील, तेवढ्यात काकांच्या टेम्पोचा ओळखीचा खोकला ऐकू आला. मैदानाच्या तारेला लागून टेम्पो उभा राहिला. वर झेंडूची कॅरेटं, कॅरेटांवर हारांच्या वळकट्या, आणि त्या सगळ्यावर तात्या, काका, काकी आणि गावातली पाच-सहा माणसं. एकाच्या गळ्यात हलगी. आई उपासामुळे घरी राहिली होती. तात्या उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि माझ्याकडे बघू लागले. मला दुसरं काही दिसेना.

आता इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, नाही तर पुढचं कळणार नाही. फुटबॉलमध्ये चेंडू आपल्याकडे यायच्या आधीच समोरच्या बचाव करणाऱ्यांच्या मागे जाऊन उभं राहायचं नसतं. लिलाव पुकारायच्या आधीच कुणी माल उचलून चालू लागावा, तसा तो प्रकार. याला ऑफसाइड म्हणतात. असा गोल धरत नाहीत. कडेला उभा असलेला लाइनमन झेंडा वर करतो, रेफरी शिट्टी मारतो, आणि गोल रद्द होतो. हे मला चांगलं माहीत होतं. पण तात्या कमरेवर हात ठेवून उभे होते आणि मला घाई झाली होती. सरांनी शिकवलेल्या क्रमाच्या उलट मी आधी घाई केली आणि मग थांबलो. सगळ्यांच्या मागे जाऊन थांबलो. चेंडू आला. मी फुटका कोबी उचलावा तसा उचलला. जाळं हललं.

शिट्टी वाजली, लाइनमनचा झेंडाही वर गेला. पण त्याच क्षणी टेम्पोवरची हलगी कडाडली आणि पुढचं कुणालाच काही ऐकू आलं नाही. आमच्या गावासाठी पाठ मातीला लागली होती. कुस्ती संपली होती. माझी माणसं तार ओलांडून मैदानात शिरली, सगळ्यात पुढे तात्या, दोन्ही हातांत हार. मी ओरडतोय, "तात्या, नाही, नाही धरला!" आणि तात्या म्हणतायत, "धरला, धरला, आता काय सोडतो व्हय तुला!" काकांनी एक पाय धरला, हलगीवाल्याच्या भावाने दुसरा, आणि मी वर. खाली बघतो तर समोरच्या टीमचा दाढीवाला बॅक तोंड उघडं टाकून उभा आणि त्याच्याही डोक्यावर पाकळ्या. कुणीतरी अख्खं कॅरेट उधळलं होतं. मग माझी मिरवणूक निघाली, कुस्तीच्या फडात निघते तशी, मैदानाच्या कडेकडेने. वाटेत लाइनमन भेटला. बिचाऱ्याने झेंडा अजून वरच धरला होता. तात्यांना वाटलं, हा माणूस आपल्या पोराच्या मानासाठी झेंडा धरून उभा आहे. त्यांनी थांबून, नमस्कार करून, त्याच्या गळ्यातही एक हार घातला. लाइनमनने झेंडा खाली घेतला नाही, ही त्याची कामावरची निष्ठा.

शेवटी रेफरी धावत आला. त्याने मला खांद्यावरून उतरवलं आणि खिशातून पिवळं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. ती शिक्षा असते. पण पिवळं म्हटल्यावर आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. हळदीचा रंग तो, त्यात वाईट काय असणार. तात्यांनी कार्डाला हात लावून कपाळाला लावला. आजही ते आठवलं की मी रस्त्यात एकटाच हसतो आणि लोक माझ्याकडे वळून बघतात.

रेफरी म्हणाला, मैदानावरचा हा सगळा कचरा उचलल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही. तात्या घड्याळ बघायला लागले. चौकात जागा धरायची होती, तीन वाजले की गिऱ्हाइकांची झुंबड उडते. "कुस्ती तर झाली," ते काकांना म्हणाले, "आता थांबून काय करायचं?" आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की तिचा मार मला मॅचपेक्षा जास्त लागला. "गेलास रं मुंबईला," म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे. मग मागे न बघता दुसरीकडे पाहून म्हणाले, "फुलं वाया नाय गेली पायजे. कुनीतरी वेचून घेऊन या रिक्षानं." हे भिंतीला होतं, पण मैदानावर भिंत नव्हती. काकीने रिकामं पोतं घेतलं आणि खाली बसली. टेम्पो दुसऱ्या शिवीला सुरू झाला आणि हलगी वाजवत निघून गेला.

काकीला मदत करायला दोन्ही टीमची पोरं आणि तो दाढीवालाही वाकला. तेवढ्या वेळात माझ्या मनात जे चाललं होतं ते लिहून दाखवणं कठीण आहे. वडिलांनी जायला हो म्हटलं होतं, आणि न्यायला कुणीच तयार नव्हतं. मांडवात साहेब टोपीवरच्या पाकळ्या झटकत होते. मी दोन्हींपैकी एकच कमावलं होतं, तेही खोट्या गोलावर. दुपारभर मी नुसता धावलो. चेंडू इकडे असला की मी तिकडे. फर्नांडिस सर कडेने ओरडत होते, "आळशी हो! सोमनाथ, आळशी हो!" आणि गोलाच्या मागे काकी पाय पसरून बसली होती, पोत्यातली चांगली फुलं निवडून मांडीवर सुईदोऱ्याने पुन्हा हार करत. तिने पूर्ण मॅचमध्ये एकदाही मान वर केली नाही असं मला वाटत होतं.

शेवटी शेवटी मी दमलो आणि दमलो म्हणूनच आळशी झालो. बॅकच्या अलीकडे, एका जागी उभा राहिलो. डावीकडून चेंडू आला, उंच, फिरत. तो निघाल्यावर मी निघालो. बॅकला वाटलं मी उजवीकडे जाणार, मलाही तसंच वाटलं होतं, पण पाय डावीकडे गेला. चेंडू एकदा टप्पा पडून वर आला, अगदी गव्हाणीच्या उंचीवर, आणि मी म्हशीला दिला. कीपरने झेप घेतली, मातीत राहिलेल्या पाकळ्यांवरून त्याचा पाय जरा सरकला. पण सरकला नसता तरी मिळाला नसता, असं मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे. जाळं एका जागी फाटलेलं होतं. त्यातून चेंडू बाहेर आला आणि थेट काकीच्या मांडीवरच्या झेंडूत जाऊन बसला.

काकीने तो उचलला, फुलं झटकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता परत कशाला मारला रे?"

लाइनमनकडे मी घाबरत पाहिलं. झेंडा खाली होता. गळ्यात अजून तात्यांचा हार होता.

आम्ही जिंकलो. साहेबांनी मला मांडवात बोलावलं. त्यांनी गॉगल काढला. मग हिंदीत म्हणाले, "कॅन्सल गोल पे इतना नाचे तेरे घरवाले. असली गोल पे कहाँ गए सब?"

"धंद्यावर गेले, साहेब. उद्या दसरा आहे."

साहेब हसले. हसता हसता त्यांनी खिशातून एक झेंडूचं फूल काढलं, ते तिथे कधी गेलं त्यांनाही माहीत नव्हतं, आणि माझ्या हातात दिलं. "पंधरा दिवसांनी मुंबईत ये," म्हणाले. "बूट नवे देऊ. हे लाल काय लागलंय त्याला?"

मी आणि काकी रिक्षाने चौकात पोहोचलो, पोतं मांडीवर. खरं सांगायचं ठरवूनच मी उतरलो होतो. पण चौकात काय चाललं होतं! तात्या टेम्पोच्या फाळक्यावर उभे राहून प्रत्येक गिऱ्हाइकाला माझा गोल सांगत होते. ते अनोळखी बायकांना पायाने हवेत मारून दाखवत होते, आणि ज्याने शेवटपर्यंत ऐकलं त्याच्या पिशवीत ओंजळभर झेंडू जास्त टाकत होते. फुलांच्या बाबतीत इतका उदार माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो माझा बाप होता. "हा बघा, हा आला!" ते ओरडले. एका आजीबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवला. मी तोंड उघडलं, काकीकडे पाहिलं. काकीने पदर दातात धरून मान अगदी हलकेच हलवली. मी तोंड मिटलं. साहेब हो म्हणालेच होते. तात्याही हो म्हणालेच होते. मी गालातल्या गालात हसत फुलं तोलायला बसलो, आणि त्या संध्याकाळी मला वाटलं की मी आता जमिनीपासून वीतभर वर चालतोय.

पुढचं सगळं क्रीडा पानाच्या कोपऱ्यात कधी कधी येऊन गेलं आहे, त्यात लिहिण्यासारखं फार नाही. कंपनीच्या टीममध्ये खेळलो, मग गोव्याच्या एका क्लबने बोलावलं, तिथे मासे खायला शिकलो, गोल केले, हुकवलेही, एकदा तर रिकाम्या गोलात न मारता बाहेर मारला आणि प्रेक्षकांनी माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली. तात्या कधीही मॅच बघायला आले नाहीत. मी बोलवायचो. ते म्हणायचे, "माल काढायचाय," किंवा "पाणी धरायचंय." आणि मग हमखास म्हणायचे, "मी बघितलाय की तुझा गोल. माझ्या डोळ्यांनी. आता रोज काय बघायचं?" फोनवर त्यांचा आवाज असा तृप्त असायचा की मी पुढे बोलायचो नाही.

मग गुडघा गेला, आणि मी घरी परतलो. दोघं बापलेक गुडघे धरून बसायचो, त्यांचे म्हातारपणाचे, माझा खेळाचा. घरात रंगीत टीव्ही आला होता, केबल आली होती. मी फुटबॉल लावायचो आणि तात्या, दुसरं काही नाही म्हणून, बघायचे. बघता बघता त्यांना गोडी लागली. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, हार करायला सगळं घर बसलं होतं. खोलीभर झेंडू, मध्ये टोपलीत भाजीसाठी कोबी, दाराआड काकी सुईत दोरा ओवत. टीव्हीवर कुणीतरी गोल मारला. तात्यांनी "बाबो!" म्हणून मांडीवर थाप मारली. आणि पडद्यावर कडेच्या माणसाने झेंडा वर केला.

"हा कशाला झेंडा दाखवतो?"

मी हारात गुंतलो होतो. "ऑफसाइड. तो आधीच मागे जाऊन उभा होता ना. धरत नाहीत असा गोल. झेंडा वर गेला की रद्द."

बोलून गेलो आणि माझ्या हातातली सुई थांबली. तात्या टीव्हीकडे बघत राहिले. पडद्यावर पुन्हा पुन्हा तेच दाखवत होते, झेंडा वर, झेंडा वर. मग ते म्हणाले, "त्या मानसाच्या गळ्यात मी हार घातला व्हता."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"मंग तू मुंबईला गेला कसा?"

"दुसरा मारला होता, तात्या. शेवटी."

"कुनी बघितला?"

मी दाराकडे पाहिलं. तात्यांनीही पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, टीव्ही आणला नसता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "म्हंजी मी एकबी बघितला नाय."

दाराआड बांगड्या वाजल्या. मी वाट बघत होतो की आता भिंतीला काहीतरी सांगितलं जाईल. पण काकी बाहेर आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती तात्यांच्या समोर, खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. टोपलीतला एक गड्डा तिने उचलला. "इथं गोल," म्हणाली, आणि कोपऱ्यातलं पोतं पायाने सरकवलं. "इथं मी बसले व्हते. त्यो दाढीवाला इथं. अहो, तुम्ही व्हा दाढीवाला." काका निमूट उभे राहिले. "डावीकून आला. असा, फिरत. ह्यो थांबला. लय शहान्यासारखा थांबला. मंग असं केलं," आणि काकीने उजवीकडे खांदा दाखवून डावीकडे पाऊल टाकलं. साठीच्या काकीने! पदर खांद्यावर आला, नऊवारीचा काठ वर गेला. "आन मंग असा!" आणि तिने गड्डा मारला. बोटांनी नाही. पायाच्या वरच्या भागाने, खालून उचलून. तो काकांच्या कानाजवळून सबंध गेला आणि पोत्यावर आदळला. मी थक्क झालो. तिने त्या दिवशी मान वर केली नव्हती असं मला वाटत आलं होतं, आणि तिला माझा खांदासुद्धा पाठ होता.

"परत दाखव," तात्या म्हणाले. भिंतीला नाही, तिला.

तिने परत मारला. तात्यांनी तिसऱ्यांदाही मारायला लावला. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, समोरचा तयार हार उचलला आणि माझ्या गळ्यात घातला. "ह्यो खरा," म्हणाले. "धर रं याला," ते काकांना म्हणाले. मी नको नको म्हणत होतो, खेळ सोडल्यापासून माझं वजन चांगलंच वाढलं होतं. पण दोघा म्हाताऱ्यांनी माझा एकेक पाय धरला, एकदम जोर केला, मी वीतभर वर गेलो, आणि आम्ही तिघं मिळून झेंडूच्या ढिगात आडवे झालो. आई आतून धावत आली. तात्यांच्या मिशीत पाकळ्या होत्या आणि ते लहान पोरासारखे खिदळत होते.

"आता ही फुलं कुनी वेचायची?" काकी म्हणाली आणि पोतं घेऊन खाली बसली.

रात्रीच्या बाजाराची वेळ झाली होती. बाहेर टेम्पो भरून उभा होता. काकांनी किल्ली घेतली आणि शिव्या द्यायला निघाले. तात्या उठले नाहीत. काकीच्या समोर, मांडी घालून, एक एक फूल उचलून तिच्या पोत्यात टाकू लागले.

"तू जा बाजारला," ते काकांना म्हणाले. "मी हितंच थांबतो."